ज्याचा अंदाजच येत नाही, त्यासाठी संस्थेने तयारी कशी करावी? (एका पतसंस्थेचा प्रश्न)

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील नदीकाठच्या एका गावात आमची लहान ग्रामीण पतसंस्था असून गेली अकरा वर्षे मी तिचा मानद सचिव आहे. मुख्य कार्यालय, दोन शाखा, तेरा कर्मचारी आणि नऊ पिग्मी एजंट (घरोघरी फिरून रोजची छोटी बचत गोळा करणारे) एवढाच आमचा पसारा. या पसाऱ्याने 2016 ते 2021 या काळात काय काय पाहिले ते आधी सांगतो, कारण प्रश्न त्यातूनच उभा राहिला आहे.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि सहा दिवसांनी, म्हणजे 14 नोव्हेंबरला, रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना त्या नोटा बदलून देण्यास व ठेव म्हणून स्वीकारण्यास मनाई केली. आमचा सगळा व्यवहार जिल्हा बँकेतूनच चालत असल्यामुळे दारात ठेवीदार उभे आणि द्यायला नव्या नोटा नाहीत, अशी अवस्था काही आठवडे राहिली. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. तेथे धोक्याची पातळी 45 फूट मानली जाते. त्याच सुमारास आमची काही गुंतवणूक असलेल्या एका नागरी सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि ती रक्कम अडकून पडली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, पिग्मी एजंटांचे फिरणे थांबले. आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा महापूर आला.

आता संचालक मंडळाने आपत्ती व्यवस्थापन आराखडा करायचे ठरवले असून एका सल्लागाराने शहाऐंशी पानांचा मसुदा दिला आहे. त्यात पूर, आग, दरोडा, भूकंप आणि संगणकावरील हल्ला अशी प्रकरणे आहेत. मसुदा वाईट नाही, पण वाचताना माझ्या मनात असे आले, की हाच मसुदा 2016 साली आमच्या कपाटात असता तर वरील पाचपैकी तीन प्रसंगांसाठी त्यात एक ओळही सापडली नसती. पुराचे प्रकरण असते, पण त्याचाही उपयोग झाला नसता. 2005 च्या पुरात सांगलीत पाणी 54 फुटांच्या आसपास गेले होते, त्या वेळी आमच्या इमारतीवर उमटलेली खूण धरून आम्ही तिजोरी आणि दप्तर तिच्या वर नेऊन ठेवले होते आणि आता काळजी नाही असे समजत होतो. 2019 चे पाणी त्या खुणेच्या वर गेले.

आम्ही तरलो ते आराखड्यात नसलेल्या गोष्टींमुळे. एका लिपिकाने कुणी न सांगता संगणकाची हार्ड डिस्क काढून पिशवीतून विट्याला मेहुण्याकडे नेली. पिग्मी एजंटांच्या डायऱ्या त्यांच्या घरी होत्या, त्यांवरून निम्म्या नोंदी पुन्हा उभ्या करता आल्या. आणि उंचावरच्या शाखेचे शाखाधिकारी, मुख्य कार्यालयाशी संपर्क तुटलेला असताना, केवळ पासबुक पाहून प्रत्येक पूरग्रस्त ठेवीदाराला त्याच्याच ठेवीतले पाच हजार रुपये देत राहिले. पुढे लेखापरीक्षणात या रकमांवर दोष निघाला आणि त्यांना खुलासा द्यावा लागला. 2021 च्या पुरात त्यांनी तसे काही केले नाही. मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

तर माझा प्रश्न असा आहे. जे संकट कोणत्या रूपात येईल हेच ठाऊक नाही, त्यासाठी संस्था लवचीक ठेवायची म्हणजे नेमके काय करायचे? एखाद्याचे धाडस किंवा एखाद्याची पिशवी यांवर अवलंबून न राहता हे साधता येते का? जाणकारांनी अनुभवाने लिहावे.

सांडवा

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला अभियंता आहे. पतसंस्थेतले मला फारसे कळत नाही, परंतु आपण ज्याला खुणेची चूक म्हणता तिच्याशी माझा जन्मभर संबंध आला, म्हणून लिहितो.

मागचा पूर ही पुढच्या पुराची मर्यादा नसते, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात आणि तरीही प्रत्येक पिढी ते नव्याने विसरते. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला आणि त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला कुलाब्याला 75 मिलिमीटरसुद्धा पडला नव्हता. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला 25 मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेली होती. भूकंपाचेही तसेच. दख्खनचे पठार स्थिर आहे अशी समजूत असताना 11 डिसेंबर 1967 ला कोयनेचा भूकंप झाला. त्यातून शिकल्यावरही 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झाले, तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. नकाशा करणारे लोक अडाणी नव्हते. नोंदी जेवढ्या काळाच्या असतात तेवढ्याच काळाचे शहाणपण नकाशात उतरते, एवढेच.

म्हणून पुढचे संकट कोणते, हे शोधण्यात फार शक्ती घालवू नये असे माझे मत आहे. कारणे अगणित असतात, पण संस्थेला त्यांचा फटका बसतो तो मोजक्याच ठिकाणी. आपलेच पाच प्रसंग पाहा. नोटाबंदीत रोकड थांबली. पुरात रस्ता, वीज, नोंदी आणि इमारत गेली. बँकेवरील निर्बंधांत पुन्हा रोकडच अडकली. टाळेबंदीत माणसांचे येणेजाणे थांबले. म्हणजे रोकड नाही, रस्ता नाही, वीज नाही, नोंदी नाहीत, माणूस नाही, जागा नाही, या सहा अभावांपैकी एक किंवा अनेक एकदम. सल्लागारांच्या मसुद्यातील पूर, आग, दरोडा ही प्रकरणे काढून टाकून या सहा अभावांची सहा प्रकरणे केली, तर शहाऐंशी पानांची वीस होतील आणि ज्या संकटाचे नाव आज कुणालाच ठाऊक नाही त्यालाही ती लागू पडतील.

दुसरी गोष्ट रिकाम्या जागेची. कोयनेसारख्या 105 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) धरणात पावसाळ्याच्या मध्यावर काही जागा मुद्दाम रिकामी ठेवावी लागते, म्हणजे अचानक आलेला येवा तात्पुरता पोटात घेता येतो आणि खालच्या गावांना थोडी सवड मिळते. त्यासाठी जलाशय परिचालनाचे वेळापत्रक असते. पण ही रिकामी जागा कुणाच्याच डोळ्यांत चांगली दिसत नाही. पुढे पाऊस न होता धरण अपुरे राहिले, तर जागा रिकामी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला शेतकरी, वीज मंडळ आणि वर्तमानपत्रे या तिघांकडून बोलणी खावी लागतात. धरण लवकर भरणाऱ्याचे मात्र तोवर कौतुक झालेले असते. दुर्मीळ पूर वीस वर्षांतून एकदा येतो आणि टीका दर वर्षी येते, त्यामुळे हळूहळू प्रत्येक जण धरण लवकर भरू लागतो. संस्थांची लवचिकता मला वाटते अशीच संपते. कुणी ती काढून घेत नाही, पण रिकामी जागा राखण्याचे श्रेय कुणालाच मिळत नसल्यामुळे ती भरली जाते. आपल्या शाखाधिकाऱ्यांच्या बाबतीत 2021 मध्ये झाले ते याहून फार वेगळे नाही.

चाकणकर

सांडवा यांच्या सहा अभावांशी सहमत. उद्योगातील एक प्रसंग येथे उपयोगी पडेल, कारण आमच्या क्षेत्रात तो अजूनही सांगितला जातो.

1 फेब्रुवारी 1997 रोजी जपानमधील कारिया येथील आयसिन सेइकी या कंपनीच्या कारखान्याला पहाटे आग लागली. तेथे ब्रेकच्या यंत्रणेत बसणारा एक लहानसा व्हॉल्व्ह बनत असे आणि टोयोटाला लागणारे हे जवळजवळ सगळे व्हॉल्व्ह त्या एकाच ठिकाणाहून येत. साठा कमीत कमी ठेवण्याचे टोयोटाचे धोरण प्रसिद्धच आहे. त्या व्हॉल्व्हचा साठा तासांत मोजण्याइतका होता. काही दिवसांतच टोयोटाचे जपानमधील जवळपास सगळे उत्पादन थांबले. असे असूनही साधारण आठवडाभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. दोनशेच्या वर लहानमोठ्या कंपन्यांनी मिळेल त्या यंत्रांवर तो व्हॉल्व्ह करायला घेतला. त्यांत शिलाई यंत्रे बनवणारी ब्रदर ही कंपनीसुद्धा होती, जिने मोटारीचा सुटा भाग पूर्वी कधी केलेला नव्हता. आयसिनने आराखडे सर्वांना दिले, कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या पद्धतीने करायचे हे ज्याचे त्याच्यावर सोडले, आणि पैशांचा हिशेब नंतर झाला.

या गोष्टीतून बहुतेक लोक एकजुटीचे कौतुक काढतात. मला त्यातील वेगळा भाग महत्त्वाचा वाटतो. त्या कंपन्यांची माणसे वर्षानुवर्षे एकमेकांच्या कारखान्यांत जात-येत होती, एकमेकांचे काम ओळखत होती, म्हणून आगीच्या दिवशी कुणाला फोन करायचा हे शोधावे लागले नाही. संकटाच्या दिवशी ओळख करून घेता येत नाही. आपल्या बाबतीत पाहायचे, तर पूररेषेच्या बाहेरच्या एखाद्या पतसंस्थेशी आत्ताच लेखी करार असावा: तुमची जागा, तुमचे जनित्र आणि तुमचा एक संगणक आम्हाला पंधरा दिवस, आणि तुमच्यावर वेळ आली तर आमचे तुम्हाला.

आणखी एक. टोयोटाने या आगीनंतर कमी साठ्याचे धोरण सोडले नाही, पण मार्च 2011 च्या भूकंपानंतर मात्र पुरवठादारांचे पुरवठादार कोण, हे खालपर्यंत शोधून काढले आणि इलेक्ट्रॉनिक चिपसारख्या मोजक्या वस्तूंचा काही महिन्यांचा साठा ठेवायला सांगितले. 2021 च्या आरंभी जगभर चिपची टंचाई सुरू झाली तेव्हा इतरांच्या तुलनेत ती कंपनी काही काळ निभावून गेली. म्हणजे सगळीकडे जादा साठा, जादा माणूस, जादा पैसा असे कुणालाच परवडत नाही. जी एक गोष्ट तुटली असता बाकी सगळे थांबते, ती आधी शोधायची आणि तिथेच सैल ठेवायचे. आमच्या लहान कारखान्यात ती गोष्ट भट्टीवरचे एक मामा निघाले. तापमानाची सगळी गणिते त्यांच्या डोक्यात होती आणि 2020 च्या टाळेबंदीत ते गावी अडकले. नंतर आम्ही त्यांच्याकडून एक वही लिहून घेतली. ते अजून त्या वहीवर थोडे नाराज आहेत.

आपल्या संस्थेतील तो व्हॉल्व्ह कोणता, हे कृपया येथे लिहावे. माझा अंदाज आहे की तो एकच बँक खाते किंवा संगणक प्रणालीचा एकच विक्रेता असेल.

ताळेबंद

मी सहकारी संस्थांची लेखापरीक्षक आहे आणि वरील चर्चेत आमच्या जमातीवर थोडा अन्याय होतो आहे असे मला वाटते, म्हणून विरोधी बाजू मांडते.

शाखाधिकाऱ्यांनी पूरग्रस्तांना त्यांचेच पैसे दिले, ते माणुसकीने योग्यच झाले. परंतु मी पाहिलेल्या बुडीत पतसंस्थांपैकी बहुतेक अशाच वाक्याने बुडाल्या: वेळ अडचणीची होती, माणूस ओळखीचा होता, कागद नंतर करू म्हटले. लेखापरीक्षकाला धाडस आणि अफरातफर यांतला फरक पाहायचा असेल तर कागदावरच पाहावा लागतो, कारण दोन्हीही सुरुवातीला सारखीच दिसतात. शिवाय पतसंस्थेतील ठेवींना बँकांतील ठेवींसारखे विम्याचे संरक्षण नसते. गावात एकदा कुजबुज सुरू झाली तर रांग लागायला दुपारही पुरते. त्यामुळे लवचीक राहा म्हणजे नियम सैल करा, असा अर्थ संचालक मंडळाने घेऊ नये, ही कळकळीची विनंती.

मात्र 2021 मध्ये ते शाखाधिकारी गप्प बसले, हा संस्थेचा खरा तोटा आहे, आणि तो दोष संचालक मंडळाचा आहे, कारण अधिकार आधी न देता मंडळाने त्यांच्या कृतीची परीक्षा नंतर घेतली. उपाय कार्योत्तर मंजुरीत शोधण्याऐवजी पूर्वमंजुरीत शोधावा. मंडळाने आज शांतपणे बसून असा ठराव करावा, की मुख्य कार्यालयाशी चोवीस तास संपर्क न झाल्यास, किंवा आयर्विन पुलाजवळची पातळी अमुक फुटांवर गेल्यास, शाखाधिकाऱ्याचा विशेष अधिकार आपोआप सुरू होईल. त्या अधिकारात प्रत्येक खातेदाराला त्याच्या शिलकीच्या मर्यादेत कमाल पाच हजार रुपये पासबुक पाहून देता येतील. हस्तलिखित नोंदवहीत शाखाधिकारी आणि आणखी एक कर्मचारी अशा दोघांच्या सह्या असतील. नवे कर्ज या अधिकारात कदापि देता येणार नाही. आणि सात दिवसांनी हा अधिकार आपोआप संपेल. असा ठराव इतिवृत्तात असता तर माझ्यासारखीने दोष काढला नसता, फक्त नोंदवही तपासली असती.

सांडवा यांच्या रिकाम्या जागेबद्दल. सहकार कायद्याच्या कलम 66 नुसार निव्वळ नफ्याच्या किमान पंचवीस टक्के रक्कम राखीव निधीत जाते आणि पुष्कळ संचालक त्यालाच आपली रिकामी जागा समजतात. ती तशी नसते. राखीव निधी कुठेतरी गुंतवलेला असतो. तो सगळा एकाच ठिकाणी असेल आणि तेच ठिकाण बंद पडले, तर ताळेबंदात तो दिसत राहतो आणि हातात मात्र येत नाही. गंगाजळी आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, पन्नास लाख रुपये सात टक्क्यांच्या मुदत ठेवीऐवजी केव्हाही काढता येतील अशा साडेतीन टक्क्यांच्या ठेवीत, कलम 70 मध्ये (संस्थेने पैसे कुठे गुंतवावेत ते सांगणारे कलम) बसणाऱ्या दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवले, तर वर्षाला पावणेदोन लाखांचे उत्पन्न बुडेल. हा आकडा लपवू नये. वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे तो स्वतंत्र बाब म्हणून मांडावा आणि आपल्या रिकाम्या जागेचे हे भाडे आहे असे सभासदांना स्पष्ट सांगावे. जो खर्च सभेने मंजूर केला आहे, तो पुढच्या वर्षी नवा चेअरमन गुपचूप काढून टाकू शकत नाही.

प्रभाग

थोडक्यात लिहितो. मुंबईत करोनाच्या पहिल्या लाटेत रुग्णालयातील खाटा मिळवण्यासाठी सगळ्या शहराचे फोन एकाच मध्यवर्ती मदतवाहिनीवर येत आणि ती तुंबून जाई. जून 2020 मध्ये महापालिकेने चोवीस प्रभागांत चोवीस वॉर रूम केल्या आणि खाटा देण्याचे काम तेथे सोपवले. एप्रिल 2021 मध्ये एका रात्री प्राणवायू कमी पडू लागल्यामुळे सहा रुग्णालयांतील 168 रुग्ण दुसरीकडे हलवावे लागले, तेव्हा हे जमले याचे एक कारण मला असे वाटते, की निर्णय घेणारी माणसे खालच्या पातळीवर दहा महिने रोज तेच काम करत होती. नंदुरबारसारख्या दुर्गम जिल्ह्यात पहिली लाट ओसरत असताना प्राणवायूचे प्रकल्प उभे केले गेले, हे उदाहरण सर्वांना माहीत आहेच. त्या वेळी तो खर्च अनाठायी म्हणणे कुणालाही सोपे गेले असते.

ताळेबंद यांचा ठराव उत्तम आहे, पण तो फाइलमध्ये राहिला तर त्या रात्री कुणालाच आठवणार नाही. वर्षातून दोनदा, आधी न सांगता, एखाद्या शाखेत सकाळी साडेदहाला जाहीर करावे की आज संगणक नाही आणि मुख्य कार्यालय फोन उचलणार नाही. दिवसभर हस्तलिखित वहीवर काम करावे. पहिल्या वेळी गोंधळ होईल, ग्राहक चिडतील, कार्बन पेपर कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसेल. तेवढ्यासाठीच तो दिवस.

अवांतर: शहाऐंशी पानांचा मसुदा फेकू नये. विमा कंपनी तो मागते.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चाकणकर यांनी विचारल्याप्रमाणे काल आम्ही चार जण बसून आमचा व्हॉल्व्ह शोधला. बँक खात्याचा अंदाज होताच आणि तो खरा ठरला. पण आणखी एक गोष्ट निघाली, जी आजवर कुणाच्या लक्षात आली नव्हती. सोनेतारणाच्या तिजोरीला नियमाप्रमाणे दोन किल्ल्या आहेत आणि त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. ते दोघे एकाच गल्लीत राहतात आणि ती गल्ली पूररेषेत येते. 2019 मध्ये दोघेही एकाच शाळेच्या माडीवर तीन दिवस अडकले होते. कागदोपत्री मात्र आमची व्यवस्था निर्दोष होती.

ताळेबंद यांच्या ठरावाचा मसुदा मी पुढच्या मासिक सभेपुढे ठेवतो आहे. चेअरमन साहेबांचा आक्षेप पैशांपेक्षा पातळीवर आहे. त्यांचे म्हणणे असे, की आयर्विन पुलाचा आकडा ठरावात घातला तर आपण पुन्हा पुराचाच आराखडा करतो आहोत, आणि मला त्यात तथ्य वाटते. म्हणून तो काढून केवळ संपर्क तुटल्याची अट ठेवावी का? शिवाय अशा ठरावासाठी पोटनियम बदलून उपनिबंधकांकडे जावे लागेल काय, हेही कृपया सांगावे.

ताळेबंद

चेअरमन साहेबांचे बरोबर आहे, पण अर्धेच. संपर्क तुटल्याची अट मुख्य ठेवावी, कारण ती कोणत्याही कारणाला लागू पडते. परंतु पाणी चढत असताना फोन चालू असतो आणि चोवीस तास थांबण्यात वेळ जातो, म्हणून दुसरी अट अशी घालावी, की जिल्हा प्रशासनाने गाव किंवा त्याचा भाग रिकामा करण्याची, अथवा व्यवहार बंद ठेवण्याची सूचना दिल्यास अधिकार लगेच सुरू होईल. यात पूरही येतो आणि टाळेबंदीही.

पोटनियमांची दुरुस्ती करायची झाल्यास ती सर्वसाधारण सभेत मंजूर होऊन निबंधकांकडे नोंदली जाईपर्यंत अमलात येत नाही, आणि यात महिने जातात. त्याआधी आपल्या पोटनियमांतील संचालक मंडळाचे अधिकार आणि ते सोपवण्याची तरतूद वाचून पाहावी. तशी तरतूद असेल, तर ठेवी परत करण्यापुरता मर्यादित ठराव मंडळाच्या पातळीवर होऊ शकतो. त्याची प्रत माहितीसाठी उपनिबंधक कार्यालयात देऊन पोच घ्यावी आणि लेखापरीक्षकालाही आत्ताच द्यावी.

किल्लीचे मात्र सभेपर्यंत थांबवू नका. एक किल्ली याच आठवड्यात रीतसर कार्यालयीन आदेश काढून वरच्या शाखेतील अधिकाऱ्याकडे द्या.